शेंदेलोण आणि कमी सोडियमचे मीठ: सुजेसाठी दोन्ही सारखी नव्हेत

पायांवर सूज दिसू लागली की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या अनेक घरांत पहिला हात मिठाच्या बरणीवर पडतो आणि साधे मीठ बाजूला सारून सैंधव, म्हणजे जुन्या माणसांचे शेंदेलोण किंवा उपवासाचे मीठ, सुरू केले जाते. अलीकडे दुकानाच्या त्याच फळीवर कमी सोडियमच्या मिठाची पाकिटेही दिसू लागल्यामुळे ही दोन्ही एकाच जातीची ‘हलकी’ मिठे आहेत, असा समज पसरला आहे. हा समज चुकीचा आहे, आणि काही रुग्णांच्या बाबतीत धोक्याचाही.

सैंधव खाणीतून निघते आणि त्याची गुलाबी छटा लोहाच्या अंशामुळे येते, हे खरे. परंतु त्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग सोडियम क्लोराइडच असतो, आणि शरीरात पाणी धरून ठेवतो तो हाच सोडियम. त्यातल्या ‘खनिजां’चे कौतुक पुष्कळ होते, पण हिशेब मांडला तर ५ ग्रॅम सैंधवातून पोटॅशियम ५० मिलिग्रॅमही मिळत नाही, तेच एका मध्यम केळ्यातून ४०० च्या आसपास मिळते. आयुर्वेदाने सर्व लवणांत सैंधवाला श्रेष्ठ मानले आहे, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्याच शास्त्राने शोथाच्या, म्हणजे सुजेच्या, रुग्णाला मीठच वर्ज्य सांगितले आहे, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो. शिवाय बरेचसे सैंधव आयोडीनविरहित असते.

कमी सोडियमच्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. चीनच्या खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे प्रमाण ७५ आणि २५ टक्के असे होते, आणि ते मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. अशा ५ ग्रॅम मिठातून सोडियम दीड ग्रॅमच्या आसपास, तर पोटॅशियम सुमारे ६५० मिलिग्रॅम जाते, आणि पोटॅशियम मूत्रपिंडांना जादा सोडियम लघवीवाटे टाकण्यास मदत करते. मात्र मूत्रपिंडेच थकलेली असतील, किंवा लघवी वाढवणारे स्पायरोनोलॅक्टोन अथवा रक्तदाबाची रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी औषधे चालू असतील, तर तेच पोटॅशियम रक्तात साठून हृदयाची लय बिघडवू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये या मिठाची शिफारस करताना मूत्रपिंडाच्या रुग्णांना वगळले, ते यासाठीच; गर्भवती आणि मुले यांनाही ती शिफारस लागू नाही.

मीठ कोणतेही असो, दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमच आहे, आणि लोणचे, पापड, सांडगे, भडंग यांतूनच तिचा मोठा वाटा संपतो. उपवासाला सैंधव घातलेली खिचडी दोनदा खाऊन पायांची सूज उतरण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे.

कधी कधी दोष मिठाचा नसतोच. अ‍ॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीनेही घोटे सुजतात. एकाच पायाला वेदनेसह सूज आली, किंवा सुजेबरोबर धाप लागू लागली, तर घरगुती प्रयोग न करता तातडीने दवाखाना गाठावा. घेटुळी, म्हणजे पुनर्नवा, लघवी साफ करणारी म्हणून आपल्याकडे मान्य आहे. तिच्यातही पोटॅशियमचे क्षार असतात. त्यामुळे ज्याचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम मंदावल्याचे दाखवणारा रक्तातील घटक) वाढलेले आहे, त्याने घेटुळीचा काढा, शहाळ्याचे पाणी आणि कमी सोडियमचे मीठ एकाच वेळी सुरू करण्याआधी रक्तातील पोटॅशियम तपासून डॉक्टरांना विचारावे.