मालगाडीच्या वाघिणी यार्डात का अडकून पडत

भुसावळ, मुघलसराय (आताचं पं. दीनदयाळ उपाध्याय जंक्शन) यांसारखी मालगाड्यांची प्रचंड यार्डं आज निम्मीअधिक रिकामी दिसतात. दुर्लक्ष हे त्याचं कारण फार तर दुय्यम म्हणता येईल. आलेली गाडी मोडायची, वाघिणी (मालाचे डबे) वेगळ्या करायच्या आणि नव्या गाड्या जुळवायच्या, हे यार्डाचं मूळ काम रेल्वेनेच १९८०नंतर ठरवून कमी केलं.

१८६७मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी नागपूरला पोचली आणि १८७०मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-हावडा रेल्वेजोड पूर्ण झाला. हे दोन्ही मार्ग भुसावळला फुटतात. चारचाकी वाघिणीत साधारण २२ टन माल मावे आणि व्यापारी एकच वाघीण भरून पाठवू शके. त्यामुळे एका गाडीत दहा ठिकाणचा माल असे, आणि फाट्यावर त्याची विभागणी करावीच लागे.

हंप, म्हणजे वाघिणी उताराने सोडण्यासाठी केलेला उंचवटा, असलेल्या यार्डात गाडी आधी रिसेप्शन लाइनवर घेत. इंजिन सुटलं की वाघिणींचे ब्रेक लागलेले राहत, म्हणून प्रत्येक वाघिणीची रिलीज तार ओढून ते सोडवावे लागत. एक जरी राहिली तर ती उतारावर मध्येच थांबे. टीएक्सआरची (गाडी तपासनिसाची) माणसं आस, स्प्रिंग, कपलिंग तपासत आणि नादुरुस्त वाघीण 'सिक' ठरवून बाजूला काढत. ट्रेन्स क्लर्क वाघिणींचे नंबर आणि लेबलं पाहून कोणता 'कट' (एकत्र सोडायच्या वाघिणी) कोणत्या लाइनला जाणार याची यादी हंप केबिनला देई. मग शंटिंग इंजिन गाडी मागून ढकलत उंचवट्यावर चढवी. माथ्यावर कपलिंग सुटे, पुढचं काम उताराचं आणि रुळांचे सांधे बदलून वाट ठरवणाऱ्या सांधेवाल्याचं.

चुका इथेच होत. भरलेली, रोलर बेअरिंगची वाघीण वेगाने पळे. साध्या पितळी बेअरिंगची रिकामी वाघीण थंडीत किंवा समोरून वारा असला की रेंगाळे. मागची पुढचीला सांध्यावरच गाठे आणि मध्ये सांधा बदलायला अंतरच उरत नसे. रिटार्डर (चाकं दाबून वेग कमी करणारी रुळावरची यंत्रणा) नसलेल्या यार्डात वेग आवरायला रुळावर लोखंडी स्किड ठेवत. तो रुळांच्या जोडावर किंवा सांध्यावर ठेवला तर चाक घसरण्याची भीती. वाघीण फाउलिंग मार्कच्या (दोन लाइनी एकमेकींना अडतात तिथल्या खुणेच्या) अलीकडे थांबली की शेजारची लाइनही अडे. जोरात आपटली तर आतला माल फुटे. स्फोटकं आणि पेट्रोलियमच्या वाघिणी अशा मोकळ्या सोडायला मनाई होती. त्या इंजिनाला जोडूनच हलवायच्या, तेही ताशी ८ किमीच्या आत. इतर शंटिंगची मर्यादा १५ किमी.

पण खरा वेळ हंपवर जात नसे. एका दिशेची गाडी भरेल इतक्या वाघिणी साठेपर्यंत लाइनवर जो मुक्काम पडे, तिथे तो जाई. लेबल फाटलं किंवा कागद चुकीच्या गाडीने गेले तर वाघीण बेवारस होऊन पडे. १९८०-८१मध्ये ब्रॉडगेज वाघिणीला एका भरणीपासून पुढच्या भरणीपर्यंत सरासरी १५ दिवस लागत.

एम. एस. गुजराल रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष असताना (१९८०-८३) पूर्ण रेक (वाघिणींची अख्खी गाडी) भरायचा आणि वाटेत न मोडता थेट मुक्कामी न्यायचा, यावर भर आला. त्याला एअर ब्रेकच्या बॉक्स-एन (उघड्या, उंच बाजूंच्या) वाघिणींची जोड मिळाली: साधारण ५८ टन माल, ५८ वाघिणींचा रेक. ब्रेक पाइपमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो हवेचा दाब असला की गाडी मोकळी, दाब उतरला की ब्रेक लागतो. तपासणीनंतर ब्रेक पॉवर सर्टिफिकेट (ब्रेक ठीक असल्याचा दाखला) मिळालं की रेक मोठा पल्ला काढतो, दर यार्डात थांबत नाही. वाघिणीचा फेरा पुढे ५ दिवसांच्या आसपास आला.

यार्डाकडे आता मुख्यतः चालक आणि इंजिन बदलणं, रेक तपासणं आणि पुढची लाइन मोकळी होईपर्यंत गाडी उभी करणं एवढं उरलं. लांब लाइन उपयोगी ठरते, हंप आणि आखूड वर्गीकरण लाइनी नाहीत.

या बदलाची किंमत छोट्या मालधन्याने मोजली. बीसीएन (बंद, छपराच्या) वाघिणींचा पूर्ण रेक म्हणजे दोन हजार टनांहून जास्त माल. तेवढा एकट्या अडत्याकडे एका दिवशी कुठून येणार? वीस वाघिणींच्या मिनी रेकची सवलत आली, तरी एक-दोन वाघिणींपुरता माल असणारा तोवर ट्रककडे वळला होता. रावेर-सावद्याची केळी दिल्लीला रेल्वेने जात राहिली ती मुख्यतः एकाच दिवशी, एकाच ठिकाणाहून, एकाच बाजारासाठी गाडीभर माल जमवता येत होता म्हणून.