खानदेशचा काळा पाषाण आणि अंदमानचा जागा ज्वालामुखी

जळगाव, भुसावळ, धुळ्याहून निघणाऱ्या अंदमानच्या सहली बहुधा ठरलेल्या वाटेने जातात: सेल्युलर जेल, हॅवलॉक, नील आणि जमलं तर बारातांग. सावरकरांची कोठडी पाहायला आपली माणसं इतक्या लांब जातात, ते योग्यच आहे. पण त्या तुरुंगाखालच्या जमिनीकडे कुणी फारसं बघत नाही. खानदेशच्या माणसाने तर ती मुद्दाम बघावी. आपण ज्या काळ्या पाषाणावर घरं बांधली, त्याच्या भाऊबंदांपैकी एक खडक तिकडे आजही जन्माला येतोय.

पोर्ट ब्लेअरला (2024 पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम) उतरल्यावर पहिला गोंधळ उडतो तो उन्हाचा. जळगाव साधारण साडेपंचाहत्तर रेखांशावर आहे, पोर्ट ब्लेअर त्र्याण्णवच्या जवळ. एका अंशाला चार मिनिटं धरली, तर तिथला सूर्य आपल्यापेक्षा सुमारे 69 मिनिटं आधी माथ्यावर येतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, त्यामुळे जेवून वामकुक्षी घेणाऱ्याचा समुद्रकिनारा हुकलाच म्हणून समजा.

आता जमीन. शहराच्या दक्षिणेला चिडिया टापूकडे गेलात की किनाऱ्यावर वाळूच्या आणि चिखलाच्या खडकांचे एकाआड एक थर दिसतात, आणि ते आडवे नसून चांगलेच कललेले असतात. हा खोल समुद्राच्या तळावर साचलेला गाळ आहे. तो वर कसा आला? ज्या भूपट्टावर, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या भल्यामोठ्या सरकत्या तुकड्यावर, आपण बसलोय, त्याची पूर्वेकडची कड अंदमानच्या पश्चिमेला समुद्राखाली दुसऱ्या पट्टाच्या पोटात शिरते. वेग वर्षाला जेमतेम काही सेंटीमीटर. खाली जाताना पट्टावरचा गाळ खरवडला जातो. वखर चालताना पासेपुढे माती आणि धसकटं गोळा होत जातात, तशी ही गाळाची रास कोट्यवधी वर्षं साचत, चुरगळत, उचलली गेली. तिचे पाण्यावर आलेले माथे म्हणजे ही बेटं.

हे खाली जाणं सुरळीत नसतं. पट्ट एकमेकांत अडकतात, ताण साठतो आणि कधीतरी सुटतो. 26 डिसेंबर 2004 ला सुमात्राजवळ सुरू झालेली फाट उत्तरेकडे सुमारे 1300 किलोमीटर, थेट अंदमानपर्यंत उसवत गेली. त्सुनामी सगळ्यांना आठवते, पण जमिनीची उंचीही त्याच वेळी बदलली. पोर्ट ब्लेअरचा परिसर सुमारे एक मीटर खचला आणि सिप्पीघाटच्या भातशेतात समुद्राचं पाणी शिरलं. देशाचं दक्षिण टोक असलेला इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त खाली गेला, तिथलं दीपगृह पाण्यात उभं राहिलं. उलट उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा वर उचलला गेला.

आणि बॅरन बेट. पोर्ट ब्लेअरपासून ईशान्येला साधारण 140 किलोमीटरवर, जेमतेम तीन किलोमीटर रुंदीचा हा डोंगर भारतातला एकमेव जागा ज्वालामुखी आहे. 1787 मध्ये त्याच्या उद्रेकाची नोंद झाली, पुढे काही दशकं तो अधूनमधून पेटत राहिला, मग बराच काळ गप्प होता. 1991 मध्ये पुन्हा पेटला आणि तेव्हापासून अधूनमधून धुमसतोच आहे. बेटावर उतरू देत नाहीत. परवानगी काढून बोटीतूनच बघावा लागतो.

त्याचा लाव्हा मुख्यतः बेसाल्ट, म्हणजे लळिंगच्या किल्ल्याखालचा आणि अजिंठ्याच्या डोंगरातला तोच काळा पाषाण. पण दोघांच्या वितळण्याची कारणं अगदी वेगळी, आणि मला सगळ्यात गंमत इथेच वाटते. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे खोलातला अतितप्त खडक वर सरकला. वर येताना त्याच्यावरचा दाब घटला आणि दाब घटताच तो वितळला. मग जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हाचे लोट एकावर एक पसरले. अशा भेगांत थिजलेल्या लाव्हाच्या भिंती धुळे-नंदुरबार भागात आजही सरळ रेषेतल्या टेकड्यांसारख्या दिसतात. साक्रीहून धुळ्यावरून पारोळ्याकडे गेलेली एक भिंत तर सुमारे 79 किलोमीटर लांब आहे. बसमधून हजारदा दिसते, पण कुणी मान वळवत नाही.

बॅरनच्या खाली खडक वितळतो तो पाण्यामुळे. समुद्राखाली शिरणारा पट्ट स्वतः थंड असतो, पण त्याच्या खनिजांत पाणी अडकलेलं असतं. सुमारे शंभर किलोमीटर खोलीवर दाबाने आणि उष्णतेने ते पाणी बाहेर पिळलं जाऊन वरच्या गरम खडकात शिरतं. ओल्या खडकाचा वितळणबिंदू कोरड्यापेक्षा शेकडो अंशांनी कमी असतो, म्हणून उष्णता वाढली नाही तरी तो वितळू लागतो. हेच पाणी पुढे लाव्हाबरोबर वर येतं आणि वाफ होऊन राख उडवतं.

बारातांगचा ‘ज्वालामुखी’ मात्र चिखलाचा. राखाडी बुडबुडे पाहून ‘इतलंच?’ म्हणत परत फिरणारे मी पाहिलेत. त्यात लाव्हा नसतोच. गाळात गाडलेल्या सेंद्रिय पदार्थांतून सुटलेला, मुख्यतः मिथेन असलेला वायू दाबाने चिखल वर ढकलतो, आणि तो चिखल गारच असतो. उलट आपल्या अडावदजवळच्या उनपदेवाचं पाणी गरम, पण तिथेही ज्वालामुखी नाही. खोल भेगांत मुरलेलं पाणी खालच्या उष्णतेने तापून वर येतं, इतकंच.

जाण्याआधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, तेव्हा भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास जातो. अष्टमीच्या भांगेला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा, तो बराच घटतो. नील बेटावरच्या लक्ष्मणपूर किनाऱ्याची नैसर्गिक कमान आणि आसपासच्या डबक्यांतले जीव नीट बघायचे तर उधाणाची ओहोटी गाठावी.

तिथले प्रवाळ एका मर्यादेपर्यंतच वर वाढतात. सगळ्यात मोठ्या ओहोटीलाही जे पाण्याबाहेर फार वेळ राहत नाही, तेवढंच जगतं. 2004 मध्ये उत्तरेकडचा किनारा उचलला गेला तेव्हा उघडे पडलेले प्रवाळ मेले. मेलेल्या प्रवाळांचे माथे नव्या ओहोटी-रेषेपासून किती वर आले, ते मोजून शास्त्रज्ञांनी जमीन कुठे किती उचलली गेली ते काढलं. जिथे एकही यंत्र बसवलेलं नव्हतं, अशा निर्मनुष्य बेटांवरही हा हिशेब लागला.