अणुभट्टीत 'खात्री करा' म्हणजे नक्की काय करा?

एक साधी ओळ घ्या. अणुवीज केंद्रात प्रत्येक कामाची लेखी प्रोसिजर असते, पायरी क्रमांक टाकून. समजा इंग्रजी प्रोसिजरमध्ये एका पायरीवर लिहिलंय की व्हॉल्व्ह बंद आहे का ते 'चेक' करा, आणि पुढच्या एका पायरीवर तो बंद आहे हे 'एन्शुअर' करा. मराठीत आपण दोन्हीकडे सहज लिहून टाकू, 'व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करा'. वाचायला गोड, व्याकरणाची चूक नाही. पण जिथे या क्रियापदांच्या व्याख्या ठरवून दिलेल्या असतात तिथे ही दोन वेगळी कामं असतात, 'चेक' म्हणजे फक्त बघायचं, हात लावायचा नाही, आणि 'एन्शुअर' म्हणजे उघडा दिसला तर तो बंद करायचा. आता मराठी ओळ वाचणाऱ्या ऑपरेटरने काय करायचं? भाषांतर करणाऱ्याला हा फरकच माहीत नसेल तर त्याने नकळत ऑपरेटरला चुकीचं काम सांगितलं की.

म्हणूनच मला मनापासून वाटतं की अणुक्षेत्रातला तांत्रिक भाषांतरकार हा सुरक्षेच्या साखळीतलाच एक माणूस आहे, कागदपत्रं पूर्ण करायला शेवटी बोलावलेला कोणी नव्हे.

आपल्याला परिचयाचे शब्द इथे वेगळे वागतात. 'रिॲक्टर क्रिटिकल झाला' असं वाचलं की पेशंट क्रिटिकल आठवतो आणि लोक घाबरतात. प्रत्यक्षात त्याचा अर्थ इतकाच की साखळी अभिक्रिया स्वतःच्या जोरावर टिकून आहे, एका विखंडनातून, म्हणजे अणुकेंद्र फुटण्यातून, निघालेल्या न्यूट्रॉनपैकी सरासरी एक न्यूट्रॉन पुढचं विखंडन घडवतोय. वीज बनवणारी प्रत्येक अणुभट्टी क्रिटिकलच असते. याचं भाषांतर 'गंभीर स्थितीत' केलं तर रोजचं कामकाज संकट वाटायला लागतं. तसंच 'पॉयझन', म्हणजे विष नाही तर न्यूट्रॉन गिळणारा पदार्थ, बोरॉन किंवा झेनॉन-135 सारखा. आणि मराठीतच बघा, अणुभट्टी 'बंद केली', 'आपोआप बंद झाली' आणि 'बंद पडली' यात किती फरक आहे! संरक्षण यंत्रणेने तिला ट्रिप केलं, म्हणजे आपोआप बंद केलं असेल तर यंत्रणेने आपलं काम चोख केलं, तिथे 'बंद पडली' लिहिलं की वाचणाऱ्याला बिघाडच दिसतो. शिवाय बंद झाली म्हणजे थंड झाली असंही नाही, बंद झाल्या क्षणी इंधनात मूळ शक्तीच्या साधारण 6 ते 7 टक्के उष्णता तयार होतच असते, त्यामुळे पाणी फिरवत राहावं लागतं.

अपघातांच्या बातम्यांत तर एकेक शब्द मोजून वापरावा लागतो. 1990 पासून वापरात असलेल्या आंतरराष्ट्रीय आयनेस मापनश्रेणीत, म्हणजे अणुघटना किती गंभीर ते ठरवणाऱ्या पट्टीवर, 1 ते 3 पातळीला 'इन्सिडेंट' म्हणतात आणि 4 ते 7 ला 'ॲक्सिडेंट', चेर्नोबिल आणि फुकुशिमा 7 वर. 'इन्सिडेंट'ला कोणी 'अपघात' लिहिलं तर एका शब्दाने घटना वरच्या गटात गेली. आणि 'किरणोत्सर्ग झाला' या एका वाक्यात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक्स-रे काढलेल्या माणसावर किरणं पडतात पण तो स्वतः किरणोत्सर्गी होत नाही, उलट अंगावर किरणोत्सर्गी धूळ बसली तर ती धुवून काढावी लागते. उपाय वेगळे, मग शब्द एकच कसा चालेल?

ही अडचण फक्त मराठीची नाही. इंग्रजीत 'सेफ्टी' म्हणजे अपघातापासून बचाव आणि 'सिक्युरिटी' म्हणजे चोरी-घातपातापासून बचाव, पण स्पॅनिशमध्ये दोन्हीला 'सेगुरिदाद', त्यामुळे पुढे एक विशेषण जोडून फरक दाखवावा लागतो. फ्रेंच 'कोंत्रोल' आणि रशियन 'कन्त्रोल' हे दिसायला इंग्रजी 'कंट्रोल'चे भाऊ, पण बऱ्याचदा त्यांचा अर्थ तपासणी किंवा देखरेख असतो. आकडेही सुटत नाहीत! इंग्रजीत 2,500 म्हणजे अडीच हजार, तोच आकडा जर्मन, फ्रेंच किंवा रशियन कागदावर असेल तर अडीच. किरणोत्सर्गाचा डोस मोजताना लहान एम म्हणजे मिली आणि मोठा एम म्हणजे मेगा, मध्ये 100 कोटी पटीचं अंतर, आणि देवनागरीत लहान-मोठं अक्षर नसतंच, त्यामुळे 'मिलीसिव्हर्ट' हे डोसचं एकक पूर्ण लिहिण्याला पर्याय नाही.

आता गरज का वाढतेय, तर अणुभट्ट्या एका देशात डिझाइन होतात आणि भलत्याच देशात उभ्या राहतात. अमिरातीत बराका इथे कोरियन डिझाइनच्या 4, तुर्कस्तानात अक्कुयू आणि बांगलादेशात रूपपूर इथे रशियन. फिनलंडमधल्या ओल्किलुओतोच्या तिसऱ्या अणुभट्टीचं बांधकाम 2005 मध्ये फ्रेंच-जर्मन गटाने सुरू केलं आणि नियमित वीज 2023 मध्ये मिळायला लागली. डिझाइन करणारा, वेल्डिंग करणारा, तपासणारा आणि पुढची कित्येक दशकं ती चालवणारा, हे सगळे एका भाषेचे नसतात आणि कागद मात्र सगळ्यांना एकच अर्थ सांगायला हवा.

मशीन ट्रान्सलेशन आहे ना मग, असं कोणीही विचारेल. मदत होतेच, मी नाकारत नाही. पण यंत्राचं चुकलेलं वाक्यसुद्धा इतकं सफाईदार असतं की डोळा त्यावरून घसरून जातो, आणि गोपनीय ड्रॉइंग्ज कुठल्याही ऑनलाइन टूलमध्ये टाकता येत नाहीत ते वेगळंच. माणूस लागतोच, आणि तोही असा की ज्याला पाइप आणि व्हॉल्व्हची आकृती वाचता येते, जो एका यंत्रासाठी पहिल्या पानावर वापरलेला शब्द चारशेव्या पानावरही बदलत नाही, आणि शंका आली की अंदाज न बांधता इंजिनिअरला विचारतो. शाळेत आपल्याला शिकवलेलं असतं की तोच शब्द पुन्हा पुन्हा नको, समानार्थी वापरा. इथे ते विसरावं लागतं. एका पायरीत 'झडप' आणि पुढच्या पायरीत 'व्हॉल्व्ह' लिहिलं तर पॅनेलसमोर उभा असलेला माणूस दुसरी वस्तू शोधायला लागेल.