स्किल ट्री प्लॅनर आले कुठून?

नवी लीग (गेमचा नवा हंगाम) सुरू व्हायला दोन दिवस असतात, गेमचा पॅच अजून डाउनलोडही झालेला नसतो, आणि तरी अ‍ॅक्शन आरपीजीवाले (राक्षस मारत आपलं पात्र वाढवत नेण्याच्या गेमचे खेळाडू) रात्री तीन-तीन तास 'खेळत' बसलेले असतात. हा खेळ चालतो ब्राउझरच्या एका टॅबमध्ये, प्लॅनर नावाच्या साधनात. समोर स्किल ट्री, म्हणजे पात्राच्या कौशल्यांचा फांद्याफांद्यांचा नकाशा, हातात माउस. लेव्हल वाढली की पॉइंट मिळतो, तो या नकाशातल्या एखाद्या नोडवर, म्हणजे ठिपक्यावर, टाकायचा. इथला नोड घे, तिथला सोड, चार पॉइंट वाचले तर ते कुठे टाकू? बाहेरच्याला हे वेड वाटेल, पण या सवयीमागे पंचवीस वर्षांचा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात एका फार निष्ठुर नियमापासून होते.

डिआब्लो २ हा गेम आला जून २००० मध्ये. प्रत्येक क्लासला (पात्राच्या प्रकाराला) तीन ट्री, प्रत्येक ट्रीत दहा स्किल आणि एका स्किलमध्ये जास्तीत जास्त वीस पॉइंट. म्हणजे जागा सहाशे पॉइंटांची. हातात मात्र लेव्हल ९९ पर्यंतचे ९८ आणि क्वेस्टमधून मिळणारे १२, असे सगळे मिळून ११०. आणि टाकलेला पॉइंट परत निघत नसे. चुकीच्या स्किलमध्ये पाच पॉइंट गेले, तर ते पात्र आयुष्यभर ते पाच पॉइंट वागवणार. पटत नसेल तर नवं पात्र काढा आणि पहिल्या लेव्हलपासून या. रीस्पेकची, म्हणजे पॉइंट काढून पुन्हा वाटायची, सोय झाली ती थेट मार्च २०१० मध्ये, १.१३ पॅचबरोबर. दहा वर्षं माफी नव्हती. अशा खेळात माणूस आधी हिशेब करणारच.

सुरुवातीला हा हिशेब कागदावर जमायचा. स्किल लेव्हल १, ६, १२, १८, २४ आणि ३० ला उघडत. त्यामुळे पहिल्या स्किलांवर पॉइंट उधळायचे नाहीत, साठवून ठेवायचे आणि २४ किंवा ३० ला वरचं स्किल उघडलं की एकदम ओतायचे, हा त्या काळचा शहाणपणा. त्यासाठी कॅल्क्युलेटर कशाला हवा?

तो लागला ऑक्टोबर २००३ मध्ये. १.१० पॅचने सिनर्जी आणली आणि एका स्किलचे पॉइंट दुसऱ्या स्किलला बळ देऊ लागले. सॉर्सरेस या जादूगार क्लासचा फायर बॉल घ्या. तोवर फायर बोल्ट ही फायर बॉलकडे जायची निव्वळ पायरी होती: एक पॉइंट टाका आणि पुढे चला. आता फायर बोल्टमधला प्रत्येक पॉइंट फायर बॉलचं डॅमेज १४ टक्क्यांनी वाढवू लागला, मिटिऑरमधलाही तितकंच. दोन्हीकडे वीस-वीस भरले की ५६० टक्के. मग पुढचा पॉइंट फायर मास्टरीत टाकू की मिटिऑरमध्ये? त्यात आणखी एक खोच: गिअरवरून (अंगावरच्या शस्त्र-चिलखतावरून) मिळणारे जादा स्किल पॉइंट सिनर्जीत धरले जात नाहीत, तिथे फक्त हाताने टाकलेले पॉइंट मोजतात. म्हणजे 'टाकलेले' आणि 'दिसणारे' हे दोन आकडे कायम वेगळे ठेवायचे. कागद इथे थकला. चाहत्यांनी जावास्क्रिप्टमध्ये, काहींनी फ्लॅशमध्ये, छोटे कॅल्क्युलेटर केले: स्किलच्या चित्रावर क्लिक केलं की आकडा वाढतो, बाजूला डॅमेज बदलतं. (फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि त्यातली साधनंही गेली.)

या कॅल्क्युलेटरांतला एक लबाडपणा सांगायला हवा. त्यात लेव्हल ९९ टाकता येते. प्रत्यक्षात ९९ गाठणारे विरळाच. लेव्हल ८५ चं पात्र म्हणजे ८४ अधिक १२, जेमतेम ९६ पॉइंट. त्यामुळे ११० पॉइंटांच्या सुंदर योजना बहुतेकदा अशा पात्रांच्या असत, जी कधी जन्मालाच येणार नव्हती.

दरम्यान शेजारच्या एमएमओच्या (हजारो जण ऑनलाइन एकत्र खेळतात अशा गेमच्या) जगात हेच चाललं होतं. वॉवहेड आज वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचा भलामोठा माहितीकोश आहे, पण २००६ मध्ये त्याची सुरुवात टॅलेंट (तिथलं स्किल ट्री) कॅल्क्युलेटर म्हणूनच झाली. त्या काळात एक युक्ती रूढ झाली: पूर्ण बिल्ड (पात्राची अख्खी मांडणी) लिंकमध्येच कोंबायची. सर्व्हरवर काही जतन करायचं नाही, खातं उघडायचं नाही. लिंक पाठवली की समोरच्याला तेच ट्री, तेच पॉइंट. माझ्या मते या साधनांना खरं आयुष्य या लिंकनेच दिलं, कारण त्यामुळे हिशेबाची वही गप्पांचा विषय झाली.

२०१२ च्या डिआब्लो ३ ने ट्रीच उपटून टाकलं. स्किल हवं तेव्हा बदला, पॉइंट नाहीत, पश्चात्ताप नाही. तरी ब्लिझर्डने स्वतःच्या साइटवर कॅल्क्युलेटर दिला आणि लोक बिल्डच्या लिंका पाठवतच राहिले. चुकीची भीती गेली तरी सवय उरली, हे तेव्हाच कळलं होतं.

पुढच्याच वर्षी पाथ ऑफ एक्झाइल आला आणि सगळं प्रमाणच बदललं. न्यूझीलंडच्या ग्राइंडिंग गिअर गेम्सचा हा गेम. जानेवारी २०१३ मध्ये ओपन बीटा, ऑक्टोबरमध्ये अधिकृत प्रकाशन. क्लास सात, पण पॅसिव्ह ट्री (कायमचे फायदे देणाऱ्या नोडांचं) सगळ्यांना मिळून एकच; फरक फक्त कुठून सुरुवात करायची याचा. नोड तेराशेच्या वर, आणि हातात येणार साधारण १२० पॉइंट. पहिल्यांदा झूम आउट केल्यावर नकाशा बघतोय की नक्षत्रं, असा प्रश्न पडतो. पॉइंट परत घेता येत होते, पण एकेका पॉइंटला एक ऑर्ब ऑफ रिग्रेट, हे गेममधलं चलन, मोजावं लागे. दोन-चार चुका सुधारता येतात, दिशाच चुकली तर नाही.

इथे कंपनीने स्वतःच ट्री आपल्या साइटवर ठेवलं आणि त्याची लिंक उलगडून बघण्यासारखी आहे. २०१६ च्या असेंडन्सी (क्लासचे उपप्रकार आणणाऱ्या) विस्तारानंतरच्या काही वर्षांतल्या लिंका बघा. शेवटच्या तिरप्या रेघेपुढची अक्षरांची माळ हमखास 'एएएएबीए' अशी सुरू होते. हा योगायोग नाही. ती माळ म्हणजे बेस-६४ मध्ये (डेटा अक्षरांत लिहायच्या पद्धतीत) गुंडाळलेले बाइट. पहिले चार बाइट आवृत्तीचा आकडा सांगतात; तो ४ असल्यामुळे आधी नुसती शून्यं येतात, म्हणजेच 'ए'ची रांग. मग एक बाइट क्लासचा, एक असेंडन्सीचा, एक पूर्ण स्क्रीनच्या खुणेचा. त्यानंतर प्रत्येक नोडला दोन बाइट. १२० नोडांची बिल्ड २४७ बाइटांत बसते, म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास अक्षरं. कैक तासांचा विचार एका चॅट मेसेजात मावतो.

चाहत्यांच्या प्लॅनरना ट्रीचा डेटाही मिळत गेला: आधी साइटच्या पानातच असायचा, पुढे कंपनी तो जेसन (प्रोग्रॅमना वाचायला सोप्या) फाइलमध्ये देऊ लागली. त्यातही गंमत आहे. कुठला नोड कुठे आहे हे तिथे सरळ लिहिलेलं नसतं. नोडांचे गट असतात, गटाचा मध्यबिंदू दिलेला असतो, आणि नोड कितव्या कक्षेत, कितव्या जागी, एवढंच कळतं. प्रत्येक कक्षेतल्या जागा ठरलेल्या. बाकी साइन-कोसाइन लावून तुम्हीच काढा. शाळेतली त्रिकोणमिती कुठे उपयोगी पडली असं कुणी विचारलं, तर एक उत्तर हे.

लांबच्या नोडवर क्लिक केलं की सर्वांत जवळचा रस्ता आपोआप रंगणं, ही सोय आता गृहीत धरली जाते. नवख्यांचा घात मात्र तीच करते. सर्वांत कमी पॉइंटांचा रस्ता सर्वांत चांगला असेलच असं नाही. एक पॉइंट जास्त देऊन वाटेत लाइफचा चांगला गट मिळत असेल, तर लांबचाच रस्ता घ्यावा. प्लॅनर अंतर मोजतो, किंमत नाही.

ती किंमत मोजायला २०१६ मध्ये पाथ ऑफ बिल्डिंग आलं. ते ब्राउझरमधलं नव्हे, डेस्कटॉपवर चालणारं, लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं. ट्री, जेम (स्किल देणारे खडे), गिअर सगळं धरून ते डॅमेज काढून देतं. ब्राउझरमधले प्लॅनर आता संपणार, असं तेव्हा वाटणं साहजिक होतं. ते संपले नाहीत. काहींनी स्वतःच गणित आत घेतलं, काहींनी पाथ ऑफ बिल्डिंगचा कोड पेस्ट केला की बिल्ड उघडून दाखवायचं काम पत्करलं. मोबाइलवर बिल्ड चाळायची तर डेस्कटॉप प्रोग्रॅम काय कामाचा?

गेमही स्वस्थ बसला नाही. २०१९ मध्ये टाइमलेस ज्वेल, म्हणजे ट्रीत बसवायचे खास खडे, आले. त्यांच्यावरच्या एका आकड्यानुसार आजूबाजूचे नोड बदलतात. मग कुठल्या आकड्याने काय मिळेल, हे शोधणारी वेगळीच साधनं निघाली. २०२० मध्ये क्लस्टर ज्वेल आले, म्हणजे मूळ ट्रीत नसलेल्या फांद्या. दोन बाइटांना एक नोड हा साधा हिशेब तिथे अपुरा पडला आणि लिंकची रचना बदलावी लागली. त्यातच दर तीन-चार महिन्यांच्या लीगला ट्री थोडंफार हलतंच. म्हणून बरे प्लॅनर जुन्या आवृत्त्याही सांभाळतात. नाहीतर जुनी लिंक उघडावी तर मधलाच नोड गायब आणि पुढची अख्खी फांदी अधांतरी.

बाकीच्या गेमांचं थोडक्यात. ग्रिम डॉनमध्ये स्किलच्या जोडीला डिव्होशन या वेगळ्या पॉइंटांची नक्षत्रं आहेत. लास्ट इपॉकमध्ये तर प्रत्येक स्किलला स्वतःचं ट्री. २०२३ च्या डिआब्लो ४ ने ट्री परत आणलं. सुरुवातीला पॉइंट ५८, शिवाय फिरवून जोडता येणारे पॅरागॉन बोर्ड (नोडांचे पट). रीस्पेक सोनं देऊन.

पाथ ऑफ एक्झाइल २ डिसेंबर २०२४ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये (पूर्ण व्हायच्या आधीच खेळायला खुला) आला, तेव्हा तिथेही पॉइंट परत घ्यायची किंमत सोन्यातच ठेवलेली होती. पण काही पॉइंट दोन वेपन सेटना वेगवेगळे लावायची सोयही सोबत आली. एकच पात्र, हातातलं शस्त्र बदललं की ट्रीतली वाटही बदलते. त्यामुळे प्लॅनरला आता एकाच ट्रीवर दोन वाटा दाखवाव्या लागतात: सामाईक नोड एका रंगात, पहिल्या सेटचे दुसऱ्या आणि दुसऱ्या सेटचे तिसऱ्या.