अग्निगोल : सोलापूर परिसरातील दर्शन व नोंद

शुक्राएवढी किंवा त्याहून तेजस्वी उल्का (दृश्य प्रत, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या तेजाचे माप, –४ किंवा त्याहून अधिक ऋण; आकडा जितका ऋण तितके तेज जास्त). बोलीत लहानमोठ्या सगळ्याच उल्कांना ‘तारा तुटला’ म्हणतात. बृहत्संहितेत (सु. सहावे शतक) धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् व तारा असे पाच प्रकार दिले असून त्यांतील ‘अशनी’ हा शब्द आज जमिनीवर पोचलेल्या दगडासाठी रूढ आहे.

ऑगस्टमधील ययाती (पर्सिड्स) उल्कावर्षाव येथे बहुधा ढगांत जातो. १३-१४ डिसेंबरचा मिथुन वर्षाव चांगला दिसतो.

पाहणारे दिशा रस्त्याच्या नावाने सांगतात : ‘विजापूर रोडला पडला’. दिशेपुरते ते चालते, जागेपुरते नाही. ८० किमी. उंचीवरची उल्का क्षितिजापासून २०° वर दिसली, तर ती २०० किमी.हून दूर, म्हणजे खुद्द विजापूरच्याही बरीच पलीकडे असते. नोंदीत नेमकी वेळ, उभे राहण्याची जागा आणि मार्गाच्या दोन्ही टोकांची दिशा व क्षितिजापासूनची अंशांतील उंची हवी. ताठ हाताची मूठ सुमारे १०° भरते. पडताळ्याला ध्रुवतारा आहेच, तो येथून पावणेदोन मुठींवर दिसतो. निरनिराळ्या गावांच्या अशा दोन-तीन नोंदींवरून मार्ग काढता येतो, ‘डोळे दिपले’ एवढ्यावरून नाही.

आवाजाबाबत मतभेद आहेत. ३० किमी.वर फुटलेल्या उल्केचा गडगडाट पोचायला सुमारे दीड मिनिट लागते. तरीही उजेडाबरोबरच ‘सुर्रर्र’ ऐकल्याच्या साक्षी जुन्या आहेत. १७१९ च्या उल्केबाबतच्या अशा साक्षी इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी कल्पनेचा खेळ मानल्या. ऑस्ट्रेलियातील भौतिकशास्त्रज्ञ कॉलिन के यांनी १९८० मध्ये अतिनिम्न कंप्रतेच्या रेडिओ तरंगांनी जवळच्या वस्तू थरथरत असाव्यात, असे सुचविले. २०१७ मध्ये मांडलेल्या मतानुसार उजेडाच्या झपाट्याच्या चढउतारांनी केस, पाने, गडद कापड तापून ध्वनी उमटतो. पूर्णचंद्राच्या तेजाच्या उल्कांपुरते हे मत अधिक ग्राह्य वाटते.

संथ, मिनिटभर टिकणारी तुकड्यांची रांग बहुधा उल्का नसते. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी राज्याच्या मोठ्या भागात दिसलेली रांग चिनी अग्निबाणाचे अवशेष मानली जाते, लाडबोरी (जि. चंद्रपूर) येथे धातूचे कडे सापडले. याउलट काटोल (जि. नागपूर) येथे २२ मे २०१२ रोजी भरदुपारी खरे अशनी पडले.

सोलापुरात अशनी ओळखताना लोहचुंबकावर विसंबू नये. येथील काळा पाषाणही त्याला थोडाफार ओढला जातो. पातळ काळे जळके कवच आणि आत चकाकणारे धातूचे कण पाहावेत. बुडबुड्यांची छिद्रे असतील, तर तो शेताच्या बांधावरचाच दगड.