हीलियम नॅनोथेंबांतील आयनांचे मापन

हीलियमच्या अतिसूक्ष्म थेंबात परका अणू किंवा रेणू अडकवून त्यावर प्रकाश टाकल्यावर तयार होणारे आयन (विद्युतभारित अणू वा रेणू) ओळखण्याची व मोजण्याची पद्धत. तिच्यातली खरी अडचण आयन तयार करण्यात नसून तो थेंबाबाहेर येण्यात आहे.

अतिशुद्ध हीलियम वायू उच्च दाबाखाली १० ते २० केल्व्हिनपर्यंत थंड करून सुमारे ५ मायक्रोमीटरच्या छिद्रातून निर्वातात सोडतात. प्रसरणात हजारो अणूंचे थेंब बनतात. बाष्पीभवनाने ते ०.३७ केल्व्हिनपर्यंत निवतात आणि अतिप्रवाही होतात, म्हणजे घर्षणाशिवाय वाहू शकतात. पुढे विरळ बाष्प भरलेल्या कक्षातून जाताना ते वाटेतले अणू टिपतात. बहुतेक पदार्थ थेंबाच्या पोटात शिरतात, पण रुबिडियमसारखे अल्क धातू पृष्ठभागावरच राहतात.

सुमारे २१ इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा (अणूंच्या पातळीवरचे ऊर्जेचे एकक) कमी ऊर्जेच्या फोटॉनांना, म्हणजे प्रकाशकणांना, हीलियम पारदर्शक असते, त्यामुळे लेसरने थेट थेंबाने टिपलेल्या पाहुण्या अणूचेच आयनीभवन करता येते. त्याहून जास्त ऊर्जेला आधी थेंब उत्तेजित होतो आणि ती ऊर्जा पाहुण्याकडे जाऊन त्याचा इलेक्ट्रॉन सुटतो (पेनिंग आयनीभवन). २४.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर हीलियमचाच आयन बनतो आणि विद्युतभार पाहुण्याकडे सरकतो. झेनॉनच्या बाबतीत या हस्तांतरात सुमारे १२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मोकळे होतात. एका इलेक्ट्रॉन-व्होल्टला साधारण १,६०० हीलियम अणू उडून जातात, म्हणजे लहान थेंब यात पुरता संपू शकतो.

थेंब टिकला तर मात्र आयन आतच राहतो. धन भार भोवतालच्या हीलियमला ओढून घट्ट कवच बांधतो. पृष्ठभागावरचा रुबिडियमही आयन झाला की आत बुडू शकतो. अशा वेळी वस्तुमान-वर्णपटमापकाला (आयन वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणाला) सुटा आयन न दिसता १०,००० अणूंचा, म्हणजे सुमारे ४०,००० वस्तुमान-एककांचा भारित थेंब येऊन मिळतो. आयनाला डिटेक्टरपर्यंत पोचायला लागणाऱ्या वेळेवरून वस्तुमान ठरवणाऱ्या उड्डाणकाल मापकात तो सुट्या रुबिडियम आयनाच्या वीसेक पट उशिरा पोचतो. तेवढ्याच ऊर्जेला त्याचा वेगही तितकाच कमी असतो. डिटेक्टरच्या पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन सुटणे आदळण्याच्या वेगावर अवलंबून असल्याने असे थेंब सहज निसटतात. म्हणून वर्णपटात शिखर नाही, एवढ्यावरून आयन झालाच नाही असा निष्कर्ष काढणे चूक ठरते. दिसतात ते सुटलेले आयन आणि त्यांना चिकटलेले मोजके हीलियम अणू. त्यांची शिखरे चार-चार एककांच्या अंतराने ओळीत येतात.

यावर उपाय म्हणजे इलेक्ट्रॉन व आयन यांची जोडीने नोंद. आयनीभवनाची ग्वाही इलेक्ट्रॉन देतो. ज्या इलेक्ट्रॉनांना जोडीचा आयन सापडत नाही, त्यांचा वाटा वाढला तर थेंबात अडकलेल्या आयनांचा संशय घ्यावा लागतो. अर्थात डिटेक्टरची कार्यक्षमता हिशेबात धरूनच. दुसरा मार्ग अवरक्त लेसरचा आहे. आतल्या आयनाचे कंपन उत्तेजित केले की काही आयन थेंबाबाहेर फेकले जातात. लेसरची तरंगलांबी बदलत त्यांची संख्या मोजली, तर अतिशीत आयनाचा वर्णपट मिळतो.