ट्रस्कॉट दाम्पत्य (ॲलन आणि डोरोथी ट्रस्कॉट)

कॉन्ट्रॅक्ट ब्रिज या जोडीने खेळायच्या पत्त्यांच्या खेळातलं अमेरिकेतलं नावाजलेलं जोडपं. ॲलन ट्रस्कॉट (१९२५–२००५) मूळचे लंडनचे, डोरोथी (१९२५–२००६) न्यूयॉर्कच्या. ब्रिजमध्ये त्या आधी डोरोथी हेडन या नावाने गाजल्या, त्यामुळे जुन्या रेकॉर्डमध्ये हेच नाव सापडतं. लग्न १९७२ चं. पण दोघांच्या एकत्र कामाची सुरुवात तिथून धरणं बरोबर नाही, ती १९६५ मध्ये ब्युनॉस आयरेसला झाली आणि तीसुद्धा एका भानगडीतून.

ॲलन ऑक्सफर्डचे. १९६१ ची युरोपियन चॅम्पियनशिप जिंकणाऱ्या ब्रिटिश टीममध्ये ते होते, १९६२ चा बर्म्युडा बोल ही टीमची जागतिक स्पर्धाही खेळले आणि त्याच साली ब्रिजच्या अधिकृत विश्वकोशाच्या कामासाठी अमेरिकेत गेले ते तिकडचेच झाले. विश्वकोशाची पहिली आवृत्ती १९६४ ची. त्याच वर्षी अल्बर्ट मोरहेड यांच्यानंतर न्यूयॉर्क टाइम्सचा ब्रिज कॉलम त्यांच्याकडे आला आणि चाळीसहून जास्त वर्षं राहिला. डोरोथी पेशाने गणिताच्या शिक्षिका. बी. जे बेकर या बुजुर्ग खेळाडूबरोबर खेळून त्या १९६५ च्या अमेरिकन बर्म्युडा बोल टीममध्ये आल्या. त्या काळी ओपन (स्त्री-पुरुष दोघांना खुल्या) टीममध्ये बाई असणं फारच दुर्मिळ, हेलन सोबेल १९५७ मध्ये खेळल्या होत्या तेवढंच.

तो १९६५ चा बर्म्युडा बोल ब्युनॉस आयरेसला झाला, तिथली हकीकत अशी. टेरेन्स रीस आणि बोरिस शपिरो ही ब्रिटनची जोडी पत्ते धरताना मागच्या बाजूला दर वेळी वेगवेगळी बोटं दाखवते, कधी दोन, कधी तीन, कधी जुळलेली, कधी फाकलेली, हे आधी बेकर यांच्या नजरेत आलं. त्यांनी ते डोरोथींना सांगितलं, मग टाइम्ससाठी बातम्या द्यायला आलेल्या ॲलनना. पुढचे डाव या तिघांनी बोटांवर नजर ठेवून पाहिले, टिपणं काढली आणि ती खऱ्या वाटलेल्या पत्त्यांशी ताडून पाहिली तेव्हा मेळ बसला तो हातातल्या बदामांच्या संख्येशी, म्हणजे जोडीदाराला चोरून खूण केल्यासारखा: दोन बोटं जुळलेली म्हणजे दोन बदाम, तीच फाकलेली म्हणजे पाच, तीन जुळलेली म्हणजे तीन, फाकलेली म्हणजे सहा. किल्ली नक्की कोणाला सापडली यावर सांगणाऱ्यांचं एकमत नाही, तिघांनी मिळून सोडवलं असं म्हणणंच सेफ. ब्रिटनचे कप्तान राल्फ स्विमर यांनी अमेरिका आणि अर्जेंटिनाविरुद्धच्या मॅचेस सोडून दिल्या, जागतिक ब्रिज फेडरेशनने जोडीला दोषी धरलं, पण लंडनमध्ये सर जॉन फॉस्टर यांच्या चौकशीने १९६६ मध्ये संशयाचा फायदा देऊन दोघांना सोडलं.

म्हणजे एका संस्थेने दोषी म्हटलं, दुसऱ्या चौकशीने नाही, आणि वाद आजही चालूच आहे. रीसने आपली बाजू पुस्तकातून मांडली, ॲलननी १९६९ मध्ये दुसरी बाजू पुस्तकातून मांडली, दोन्ही पुस्तकं पक्षकारांची आहेत हे विसरून वाचू नयेत. शपिरोने आपल्याकडे कबुली दिली असं स्विमर सांगत, आणि रीसनेही आपल्याला कबुली दिली होती असं एका ब्रिटिश प्रकाशकाचं म्हणणं २००५ मध्ये ॲलननी छापलं. या ऐकीव साक्षी आहेत, तरी बोटं आणि बदाम यांचा मेळ निव्वळ योगायोग मानणं कठीणच जातं. फॉस्टर अहवाल पुराव्याच्या कसोटीबद्दल बोलतो, बोटांचा खुलासा काही देत नाही.

यात एक गंमत आहे. ज्या रीसवर ॲलननी आरोप केला त्याच रीसने ॲलनचा सगळ्यात मोलाचा विचार जगभर नेला होता. पत्त्यांच्या शक्यतांमधलं 'रिस्ट्रिक्टेड चॉइस' हे तत्त्व ॲलननी पन्नासच्या दशकात एका ब्रिटिश ब्रिज मासिकात पहिल्यांदा दाखवलं असं मानलं जातं, ते गाजवलं मात्र रीसने. समजा डमीत (टेबलावर उघडे मांडलेल्या जोडीदाराच्या पत्त्यांत) एक्का, दहा, नऊ आणि एक छोटा, तुमच्या हातात राजा आणि चार छोटे. बाहेर राणी, गुलाम आणि दोन छोटे. राजा खेळलात आणि उजवीकडून राणी पडली. आता पुढचा पत्ता लावताना डावीकडून छोटा आला तर दहा टाकायचा की एक्का? उजवीकडच्याकडे राणी-गुलाम दोन्ही असते तर तो निम्म्या वेळा गुलाम टाकता, एकटी राणी असेल तर त्याला दुसरा मार्गच नव्हता. हिशोब केला की दहा टाकण्याच्या बाजूने जवळपास दोनास एक असं प्रमाण येतं. क्लबातली चांगली चांगली माणसं यावर अजूनही हुज्जत घालतात.

बोलींच्या, म्हणजे खेळाआधी किती डाव जिंकणार ते सांगत जोडीदाराला आपला हात कळवण्याच्या पद्धतींच्या, श्रेयाचा घोळ याहून मोठा. पार्टनरने एक इस्पिक बोलल्यावर मधे विरोधकाकडून डबल ही बोली आली तर दोन नोट्रम्प (बिनहुकमाची बोली) म्हणजे इस्पिकला आधार आणि गेमचं, म्हणजे बोनस मिळणाऱ्या बोलीचं, आमंत्रण देण्याइतका हात. तीन इस्पिकची उडी मग कमकुवत हातासाठी मोकळी राहते. या बोलीला अमेरिकेत कोणी जॉर्डन म्हणतं, कोणी ट्रस्कॉट, कुठे डॉर्मर. ॲलन स्वतः विश्वकोशाचे संपादक, त्यामुळे त्यातल्या नावांवरून श्रेयाचा निकाल लावू नये. एकापेक्षा जास्त ठिकाणी एकाच सुमाराला ती वापरात आली हे मत जास्त पटण्यासारखं आहे.

तसंच 'स्प्लिंटर'चं. एक इस्पिकवर थेट चार किलवर म्हणजे इस्पिकला चार पत्त्यांचा आधार, गेमची ताकद आणि किलवरचा एकच पत्ता किंवा तोही नाही. पार्टनरच्या हातात किलवरमध्ये नुसते छोटे पत्ते असतील तर स्लॅम (तेरापैकी बारा किंवा सगळे डाव जिंकण्याची बोली) दिसतो, राजा-राणी असतील तर ती तिथे फुकट जातात हे त्याला लगेच कळतं. ही बोली साठच्या दशकाच्या सुरुवातीला डोरोथींनी आणली असं बहुतेक संदर्भ मानतात, काही डेव्हिड क्लिफ यांचं नाव घेतात. दोघांना स्वतंत्रपणे सुचली हे मान्य करायला हरकत नसावी, पण टॉपच्या टेबलवर वापरून दाखवण्यात डोरोथी पुढे.

डोरोथींचा रेकॉर्ड थोडक्यात: १९६६ ला बेकरबरोबर जागतिक ओपन पेअर्समध्ये तिसरा नंबर, व्हेनिस कप (महिलांची जागतिक टीम स्पर्धा) १९७४, १९७६, १९७८ आणि १९८० चं महिला ऑलिम्पियाड. १९७४ चा पहिला कप आणि ऑलिम्पियाड या दोन्हीत टेक्सासच्या एमा जीन हॉज त्यांच्याबरोबर होत्या. डोरोथींची दोन पुस्तकं (१९६६ आणि १९६९) लग्नाआधीची, बोली आणि डिक्लेररच्या (बोली जिंकून डाव खेळणाऱ्याच्या) खेळावर, शिकवणाऱ्या माणसाने लिहिलेली असल्याचं पानोपानी कळतं. टाइम्सच्या नावाने २००२ मध्ये निघालेलं ब्रिजच्या इतिहासाचं किस्सेवजा पुस्तक दोघांचं मिळून.

ॲलन सप्टेंबर २००५ मध्ये वारले, कॉलम फिलिप ॲल्डर यांच्याकडे गेला. डोरोथी पुढच्या जुलैमध्ये. अमेरिकन ब्रिज संघटनेच्या हॉल ऑफ फेममध्ये दोघांचीही नावं आहेत.